कराची ते जुहू : अंतर तेच, वाट लांबली

मुंबईहून कराची किती लांब, असे मी अनेकांना विचारतो. बहुतेकांना ते दिल्लीपेक्षा दूर वाटते. प्रत्यक्षात दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर; दिल्लीपेक्षा बरेच कमी. जेट विमानाला दीड तास पुरेल. मग हे शहर आपल्याला एवढे दूर का वाटते? उत्तर इतिहासात आहे.

१९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत टपाल विमानाने येऊ लागले. मुंबईची पत्रे मात्र पुढे आगगाडीने येत. हा दुवा जोडला टाटांच्या हवाई सेवेने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान घेऊन सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एकटेच निघाले. सोबत टपालाच्या थैल्या. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी ते जुहूला पोहोचले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, तेव्हा विमाने पुण्याहून ये-जा करीत.

गंमत म्हणजे हा प्रवास एकाच प्रांतातला होता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीतल्या जुन्या एनजेव्ही शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ते याच नात्यामुळे.

१९४७ मध्ये मधे सीमा आली. १९७१ च्या युद्धात तुटलेला हवाई संबंध १९७६ मध्ये जुळला. १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुन्या धाटणीच्या छोट्या विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. दोन्ही सरकारांनी वाट दिली म्हणूनच ते शक्य झाले. पुढे २००२ आणि २००३ ही दोन वर्षे विमाने बंद राहिली, २००४ मध्ये सुरू झाली आणि कालांतराने मुंबई-कराची थेट सेवा थांबलीच. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना आपले आकाशही बंद केले.

परिणाम पाहा. दुबईमार्गे जायचे तर अंतर होते सुमारे ३१०० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीन पट. शिवाय मधल्या विमानतळावरचा मुक्काम वेगळा. एवढ्या वेळात १९३२ चे ते चिमुकले विमान, अहमदाबादचा थांबा धरूनही, जुहूला टेकले असते!

विमाने वेगवान झाली, पण वाट लांबली. दोन गावांमधले किलोमीटर भूगोल ठरवतो; तास मात्र माणसे ठरवतात. फाळणीनंतर ज्यांचे आप्त पलीकडे राहिले, त्यांना हा हिशेब कोणी समजावून सांगायची गरज नाही.