फेटल फ्युरी व आर्ट ऑफ फायटिंग : सामायिक विश्व

जपानच्या एसएनके कंपनीच्या दोन व्हिडिओ खेळमालिका. दोन्ही एकास एक लढतीच्या असून निओ जिओ यंत्रासाठी तयार झाल्या. फेटल फ्युरी १९९१ मध्ये, तर आर्ट ऑफ फायटिंग १९९२ मध्ये सुरू झाली. ‘किंग ऑफ फायटर्स’ ही तिसरी मालिका या दोहोंच्या मिलाफातून उभी राहिली.

सामायिक घटक : दोन्ही कथा साउथ टाउन या काल्पनिक अमेरिकन शहरात घडतात, काळ मात्र वेगळा. आर्ट ऑफ फायटिंगमध्ये १९७० च्या दशकाची अखेर आहे. तीत रियो साकाझाकी व रॉबर्ट गार्सिया हे रियोच्या अपहृत बहिणीचा, युरीचा, शोध घेतात. फेटल फ्युरी त्यानंतरच्या पिढीची कथा आहे. टेरी व अँडी बोगार्ड हे भाऊ पित्याचा खून करणाऱ्या गीस हॉवर्डचा सूड घेऊ पाहतात. हाच गीस आर्ट ऑफ फायटिंग २ (१९९४) मध्ये तरुण, भ्रष्ट पोलीस अधिकारी म्हणून दिसतो. एकही फेरी न गमावता शेवटपर्यंत पोचणाऱ्यालाच तो भेटतो. अशा रीतीने एका मालिकेच्या खलनायकाचा पूर्वेतिहास दुसरीत सांगितला गेला.

परस्परप्रवेश : फेटल फ्युरी स्पेशल (१९९३) मध्ये रियो गुप्त प्रतिस्पर्धी म्हणून आला. पुढच्याच वर्षी ‘द किंग ऑफ फायटर्स ९४’ आला. त्यात तीन-तीन लढवय्यांचे आठ संघ होते. इटलीचा संघ फेटल फ्युरीचा व मेक्सिकोचा आर्ट ऑफ फायटिंगचा. इंग्लंडच्या महिला संघात फेटल फ्युरीची माई शिरानुई आणि आर्ट ऑफ फायटिंगमधील युरी व किंग एकत्र आल्या. दोन मालिकांमधील काळाचे अंतर येथे बाजूला ठेवले असून रियो व टेरी समवयस्क आहेत. त्यामुळे हे विश्व मूळ कथांहून स्वतंत्र मानले जाते. याउलट ‘गारू : मार्क ऑफ द वुल्व्ह्ज’ (१९९९) जुना कालक्रम पाळतो. त्यात टेरीने वाढवलेला गीसचा मुलगा रॉक आणि रियोच्या क्योकुगेन कराटे परंपरेतील शिष्य मार्को हे दोघेही आहेत.

महाराष्ट्रातील प्रसार : निओ जिओच्या पार्लर यंत्रात कार्ट्रिज बदलून नवा खेळ चालवता येई, प्रत्येक खेळासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर येथील व्हिडिओ पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ विशेष लोकप्रिय होता. टेरी आणि रियो यांची ओळख अनेक मराठी मुलांना मूळ मालिकांमधून न होता याच खेळातून झाली. दोघांचे संघ शेजारी-शेजारी निवडता येत असल्याने ते मुळात वेगळ्या कथांमधले आहेत, हे खेळताना जाणवत नसे.

सद्यःस्थिती : आर्ट ऑफ फायटिंगचा तिसरा व शेवटचा खेळ १९९६ मध्ये आला, तिची पात्रे किंग ऑफ फायटर्समध्ये टिकून आहेत. फेटल फ्युरीचा ‘सिटी ऑफ द वुल्व्ह्ज’ हा खेळ २०२५ मध्ये प्रकाशित झाला. त्यातही मार्को आहे.