पाटण्याचा कुट्टक आणि कूटचलनाचे सहयोगी सॉफ्टवेअर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. या ग्रंथांतील ‘कुट्टक’ गणिताचा आजच्या कूटचलनाशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुट्टक आणि स्वाक्षरी :
कोणत्या संख्येस ७ ने गुणून १९ ने भागले असता बाकी १ उरेल? उत्तर ११, कारण ७७ मधून ७६ वजा जाता १ उरतो. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सूत्ररूपाने सांगितलेली ही रीत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ (इ. स. ११५०) व ‘बीजगणित’ यांत सविस्तर दिली. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या ‘इसीडीएसए’ या स्वाक्षरी-पद्धतीत याच जातीचा प्रश्न सोडवावा लागतो. मात्र तेथे भाजक ७८ अंकी असतो. हा थेट वारसा नव्हे, गणिती साम्य होय.

सहयोगी सॉफ्टवेअरचे कार्य :
खासगी किल्ली हार्डवेअर वॉलेट या छोट्या उपकरणातच राहते. ‘लेजर लाइव्ह’ (२०१८; २०२५ पासून ‘लेजर वॉलेट’), ‘ट्रेझर सूट’ (२०२१) यांसारखी सहयोगी सॉफ्टवेअर्स शिल्लक दाखवितात, व्यवहाराचा मसुदा तयार करून उपकरणाकडे पाठवितात आणि स्वाक्षरी झालेला व्यवहार जाळ्यावर प्रसारित करतात. त्यांस स्वाक्षरीचा अधिकार नसतो. त्यामुळे संगणक दूषित असला तरी किल्ली सुरक्षित राहते. परंतु पडद्यावरील पत्ता बदललेला असू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ॲप-भांडारात लेजरच्या नावाचे बनावट सॉफ्टवेअर आढळले. त्यात पुनर्प्राप्तीचे गुप्त २४ शब्द भरणाऱ्यांचे धन चोरीस गेले. तेथे गणित फसले नव्हते, विश्वास फसला होता.

निष्कर्ष :
कुट्टकाचे उत्तर गुरूने सांगितले तरी गुणाकार-भागाकाराने त्याचा ताळा कोणासही पाहता येतो. सहयोगी सॉफ्टवेअरने दाखविलेला पत्ता व रक्कम उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर पडताळून मगच कळ दाबणे, हाही एक ताळाच होय. गुप्त शब्द मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मागणीवरून संगणकात भरू नयेत. पाटण्याच्या मठाचा अभिमान बाळगणाऱ्या खानदेशाने ताळा पाहण्याची ही सवय जपणे अधिक उचित ठरेल.