लोणारचें खारें तळें

तीर्थपुरीहून परतुराच्या वाटेनें निघून मंठा मागें टाकलें म्हणजे मराठवाडा संपत येतो व वऱ्हाड लागतें. एके काळीं निजामाचा मुलूख व इंग्रजांच्या ताब्यांतील वऱ्हाड यांची सरहद्द हीच. दोहों बाजूंस काळ्या मातीचीं शेतें. डोंगर म्हणावा असा कोठें नाहीं. अशा मुलखांत लोणार गांवाशीं येतांच पायांखालची जमीन एकाएकीं संपते आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंद व १५० मीटर खोल असा वाटोळा खड्डा समोर उघडतो. तळाशीं हिरवट पाणी, भोंवतीं झाडी, झाडींत पडकीं देवळें. आम्ही कांठावर उभे राहिलों, तेव्हां बरोबरच्या मंडळींपैकीं प्रत्येकानें पहिला प्रश्न केला तो एकच : हें झालें कसें?

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचीं उत्तरेंहि अनेक झालीं. पुराणकारांनीं येथें लवणासुराचें बिळ कल्पिलें. विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें त्यावरचें झांकण उडवून दैत्यास मारलें, आणि गांवांतलें दैत्यसूदनाचें सुंदर देऊळ त्याच कथेचें स्मारक होय. अबुल फजलाची दृष्टि निराळी. ऐन-इ-अकबरींत त्यानें ह्या स्थळाच्या पावित्र्याचा उल्लेख केला खरा, पण कांच व साबू करण्यास लागणारा क्षार येथें निघतो, हेंहि नोंदण्यास तो विसरला नाहीं. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं कांठावर क्षार जमे. त्याच्या डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा जाती लोक ओळखीत. मोगलांच्या दप्तरापासून बांगड्यांच्या भट्टीपर्यंत ह्या तळ्याची ओळख होती ती मुख्यतः ह्या क्षारामुळें.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तळें पाहून त्याचें वर्णन केलें. तेव्हांपासून विद्वानांचा वाद सुरू झाला. वाटोळा खड्डा, भोंवतीं सारा लाव्हाचा खडक. तेव्हां हें ज्वालामुखीचें मुख, हा तर्क कोणासहि सुचावा. अमेरिकेंतील गिल्बर्टनें १८९६ सालीं आपल्या देशांतील तशाच एका खड्ड्याची लोणारशीं तुलना केली, आणि दोहोंचेंहि मूळ भूगर्भांतच शोधिलें.

खऱ्या अग्नीच्या शेजारचें खारें तळें कसें असतें, हें पाहावयाचें तर आफ्रिकेंत केनियांतील बोगोरिया सरोवराकडे वळावें. १८८५ सालीं हॅनिंग्टन नांवाचा पाद्री त्या वाटेनें गेला. त्याच वर्षीं तो मारला गेला आणि पुढें पुष्कळ वर्षें सरोवरास त्याचेंच नांव होतें. तेथें भूमीच दुभंगत आहे. कांठावर शेंकडों उकळते झरे आहेत आणि कांहीं ठिकाणीं वाफेसह पाण्याची कारंजीं उडतात. लोणारच्या कड्यावरची धार मात्र थंड व गोड! यात्रेकरू तींत स्नान करून पुढें देवदर्शनास जातात. एवढ्यावरून निकाल लागत नाहीं, हें खरें. विझलेल्या ज्वालामुखीचे झरेहि निवतात. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, आणि खड्डा दिसतो त्या मानानें अगदीं नवा, ही विसंगति मनास टोंचण्यासारखी होतीच.

निकाल लावला तो तळाच्या दगडांनीं. सरोवराच्या तळास छिद्रें पाडून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट नांवाची कांच सांपडली. खडकांतील स्फटिक न वितळतां केवळ प्रचंड आघाताच्या दाबानें तिचें रूप घेतात; ज्वालामुखींत तेवढा दाब उत्पन्न होत नाहीं. १९७३ सालीं फ्रेडरिक्सन, दुबे आदि संशोधकांनीं हें प्रसिद्ध केलें आणि लोणार उल्केच्या आघातानें झालें हें ठरलें. वयाविषयीं मात्र एकमत नाहीं : एका पद्धतीनें ५२ हजार वर्षें निघतात, दुसऱ्या पद्धतीनें ५ लाख ७० हजार!

जन्म इतका निराळा, तरी संसार बोगोरियासारखाच. दोन्हीं तळ्यांतून पाणी बाहेर वाहून जात नाहीं. येतें तें उन्हानें उडतें, क्षार मागें राहतो. अशा पाण्यांत मासा टिकत नाहीं, पण सूक्ष्म शैवाल अमाप वाढतें. बोगोरियावर त्याच्याच आशेनें कधीं कधीं दहा लाखांवर रोहित पक्षी उतरतात. लोणारास एवढें वैभव नाहीं. येथें शेकाट्या, चक्रवाक, झाडींत मोर व वानरें, आणि क्वचित् एखादा रोहित पक्षी. २०२० च्या जूनमध्यें पाणी आटून क्षार वाढला, तेव्हां खारटपणावर पोसणाऱ्या जीवांनीं सारें तळें गुलाबी करून टाकलें. त्याचा उलगडा पुण्याच्या आघारकर संस्थेनें केला. त्याच वर्षीं रामसर यादींत लोणारचें नांव आलें.

आतांची चिंता उलट आहे. बोगोरियाचें पाणी गेल्या दशकांत इतकें चढलें कीं कित्येक उकळते झरे बुडाले. लोणारासहि गोड पाणी वाढत चाललें, आणि २०२५ सालीं तें कांठच्या कमळजादेवीच्या देवळांत शिरलें. गोड पाणी वाढणें ही सुवार्ता आहे, असें आम्हां अवर्षणाच्या मुलखांतल्यांस वाटतें. येथें मात्र तेंच पाणी क्षार पातळ करतें, आणि शैवालापासून शेकाट्यांपर्यंतचा सारा संसार त्या क्षाराच्या आधारावर उभा आहे. डल्ला व पापडी जेथें जमे, तो कांठ पाण्याखालीं गेला आहे.