मानमोडीच्या सालचं मशीन

जुन्या पायमशीनचं वय मालकाला विचारलं तर साल कधी मिळत नाही, प्रसंग मिळतो. थोरल्याच्या मुंजीत आलं. धाकटीच्या रुखवतात मांडलं होतं. कोयनेच्या भूकंपात भिंत पडली, त्यातून वाचलं. मोडकी मशीनं आणून चालती करण्याचा नाद लागल्यापासून ही उत्तरं मी वहीत टिपून ठेवतो. ती खोटी नसतात, त्यांतला काळ तेवढा इकडेतिकडे सरकलेला असतो. मग रॉकेलचा बोळा घेऊन मशीनच्या उजव्या अंगाचा, खांबाच्या पायथ्याशी बसलेला मळ पुसायचा. सिंगरचा क्रमांक तिथे असतो.

क्रमांकाआधीचं अक्षर महत्त्वाचं. मला आजवर मिळालेली बहुतेक सिंगर मशीनं स्कॉटलंडची. ग्लासगोजवळ क्लाइडबँकला, किलबोवी इथे, 1885 मध्ये कंपनीचा अवाढव्य कारखाना सुरू झाला. एकट्या 1913 या वर्षात तिथून 13 लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडली. एफ अक्षराची मशीनं पहिल्या महायुद्धाच्या आगेमागची, वाय अक्षराची त्यानंतरची. कारखाना 1980 मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव अजूनही सिंगरच आहे. 1911 मध्ये याच कारखान्यात मोठा संप झाला. सुरुवात केली ती मशीनच्या लाकडी कपाटांना पॉलिश करणाऱ्या 12 बायकांनी, कामाचा बोजा वाढवला म्हणून. बघता बघता हजारो कामगार बाहेर पडले. संप फसला. त्यांच्यासारख्याच कुणाच्या तरी हातचं पॉलिश साताऱ्याच्या पावसाळ्यांत शंभर वर्षं टिकलं आहे, हे टेबलाची फळी पुसताना मनात येतंच.

कारण आमच्या साताऱ्याच्या घरातही असं एक मशीन आहे, आणि ते ‘मानमोडीच्या सालचं’ आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माझ्या आजोबांची, म्हणजे दादांची, बहीण, जिला सगळं घर आक्का म्हणे, त्या साथीत विधवा होऊन माहेरी परतली. पुढची हकिगत काका सांगतात ती अशी : “दादांना बहिणीचं दुःख बघवेना. त्याच वर्षी त्यांनी मुंबईहून मशीन मागवलं. म्हणाले, आक्के, हात गुंतले की मन रमतं.” काका आता नव्वदीला टेकलेत. त्यांचा जन्म या गोष्टीनंतर बऱ्याच वर्षांनी झाला, पण बैलगाडीतून खोकं जणू त्यांनीच उतरवून घेतलं अशा थाटात ते सांगतात.

मशीनवरचं अक्षर निघालं वाय. 1918 मध्ये ते अक्षर सुरूच झालेलं नव्हतं.

म्हणजे मधली तीनेक वर्षं गोष्टीतून गळली होती. ती शोधायला मी आत्याकडे गेलो. आत्या लहानपणी आक्काच्या खोलीत झोपायची. पुरुषांच्या बैठकीत न येणाऱ्या गोष्टी तिच्याकडे असतात. “लगेच कुठलं मशीन?” ती म्हणाली. “पहिली वर्षं ती मागच्या चुलीशीच होती. दळण, धुणं, दुसऱ्यांची बाळंतपणं. पुण्याला सेवासदनात शिकायला जाते म्हणाली, तर घरात कुणी तिच्याशी बोलेना. तरी गेली.”

पुणे सेवासदन 1909 चं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभं केलेलं. प्रौढ बायका, त्यांत विधवा पुष्कळ, तिथे लिहा-वाचायला आणि शिवण शिकायला येत. आज शिवणाचा क्लास म्हटलं की काही वाटत नाही. पण आमच्यासारख्या घरात सोवळ्याला शिवलेलं वस्त्र चालत नसे, आणि कपडे शिवणं हे शिंप्याचं काम. तिथल्या विधवेनं परक्यांच्या चोळ्या शिवून पैसे घ्यायचे, हे पचायला जडच. आत्या सांगते, मशीन आलं तेव्हा माजघरात नको, ओटीवर नको, असं होत होत ते पडवीत ठेवलं गेलं. पडवीत उजेड चांगला होता, त्यामुळे नुकसान काहीच झालं नाही.

पैशाचा भागही आत्याकडूनच कळला. मशीन हप्त्यांवर विकायची पद्धत सिंगरनं 1856 पासून पाडलेली, डोकं सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याचं. हिंदुस्थानात कंपनीचा पसारा वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटानं, आणि हप्ते इथेही होते. “पहिला हप्ता दादांनी भरला, ते खरं,” आत्या म्हणाली. “पुढचे हिनं. झबली-टोपरी शिवून, चोळ्या शिवून.”

नंतर आजोबांनी खादी धरली आणि विलायती यंत्राचा प्रश्न निघाला. आक्कानं म्हणे एवढंच सांगितलं, गांधींनी या मशीनला सूट दिली आहे. ते खरं होतं. 1924 च्या ‘यंग इंडिया’त यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता, आणि बायकोचे कष्ट न पाहवून सिंगरनं प्रेमापोटी ते बनवलं, असंही म्हटलं होतं. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर नाटकवाला, एका वेळी अनेक संसार थाटलेला, वीसहून जास्त मुलांचा बाप. दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट त्याच्या आधी, 1846 मध्ये, इलायस हाऊनं घेतलेलं, आणि त्यापायी सिंगरला हाऊचे पैसे मोजावे लागले. पण घरातला वाद जिंकायला आक्काला गांधी पुरले.

हे मशीन माझ्या हाती आलं तेव्हा चाक जागचं हलत नव्हतं. लोक घाबरतात, पण आत सहसा मोडलेलं काही नसतं. कुणीतरी प्रेमानं खोबरेल घातलेलं असतं, ते वाळून चिकटा धरतो. प्रत्येक सांध्यावर रॉकेल आणि मशीनचं तेल आलटून पालटून सोडायचं, रात्रभर थांबायचं, आणि चाकाला जोर लावायचा मोह आवरायचा. स्पिरिट मात्र जवळ फिरकू द्यायचं नाही. सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटनं विरघळतो आणि नक्षी फडक्याबरोबर निघून येते. ही लाख त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातूनच बाहेर जायची. इथून गेली, किलबोवीला मशीनवर चढली आणि परत आली.

आक्काचं मशीन लांब शटलचं, गोल बॉबीनच्या आधीच्या घडणीचं. बैठकीवरचं सरकतं झाकण बाजूला केलं की विणकराच्या धोट्यासारखं एक निमुळतं पोलादी शटल दिसतं. ते कमानीत मागेपुढे झुलतं, वरच्या दोऱ्याच्या फासातून आरपार जातं, आणि दोन्ही दोऱ्यांचा आढा कापडाच्या मधोमध पडतो. बॉबीन भरायची सोय तर पाहत राहावी अशी. चाकाशेजारी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची एक चकती फिरते. तिच्या कडेवर टेकलेली पट्टी हळूहळू इकडून तिकडे सरकते आणि दोरा टोकापासून टोकापर्यंत सारखा बसतो. सुई मात्र आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तीच लागते. चामड्याची वादी चांभाराकडून कापून आणली, दोन्ही टोकांना भोकं पाडून तारेची कडी पकडीनं दाबली, आणि मशीन चालू झालं.

नक्षीकडे नीट पाहिलं ते नंतर. चाकाकडची सगळी शाबूत. सुईच्या डावीकडे, जिथे हात कापड पुढे सरकवतो, तिथे सोनं तर नाहीच, काळा रंगही जाऊन लोखंड दिसतं. पायपट्टीची जाळी उजव्या कोपऱ्यात गुळगुळीत झालेली. मन रमवायला शिवलं तर मशीन असं झिजत नाही. खण उपसला तर तळाला शाईपेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाचा-पाचांच्या जुड्या करून मारलेल्या. आत्याच्या मते ते हप्ते. काकांच्या मते धोब्याचा हिशेब.

अशा मशीनचे बिडाचे पाय हल्ली कॅफेवाले विकत घेतात, वर संगमरवरी फळी टाकून टेबल करतात. मुंडकं भंगारात जातं. मला ते सहन होत नाही, पण त्यामुळेच पुण्याच्या जुन्या बाजारात मुंडकी स्वस्तात मिळतात, हेही खरं. गोल बॉबीनची असतील तर सुटे भाग लुधियानाहून येतात, कारण तिथे त्याच घडणीची मशीनं आजही बनतात. लांब शटलवाल्यांसाठी एक मोडून दुसरं उभं करावं लागतं.

गेल्या दिवाळीत काका आणि आत्या दोघंही घरी होते. काकांना पडवीत नेऊन मी अक्षर दाखवलं, त्याचा हिशेब सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, “कारखान्यात चुकून पडलं असेल. लढाईचे दिवस होते.”

“हो तर,” आत्या आतून म्हणाली. “आणि खणातल्या रेघाही कारखान्यातच मारल्या असतील.”