सागरी पर्वतांवरचे काळे पुट

ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने 1873 च्या फेब्रुवारीत कॅनरी बेटांजवळ समुद्राचा तळ खरवडला, तेव्हा जाळ्यात मँगनीजचे काळे दगड आले. त्याच धातूचे कवच सागरी पर्वतांच्या खडकांवरही चढते. पण त्या पर्वतांची ओळख पटायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. भूवैज्ञानिक हॅरी हेस युद्धनौकेवर होते. जहाजाच्या प्रतिध्वनियंत्रावर त्यांना पॅसिफिकच्या तळाशी सपाट माथ्यांचे पर्वत उमटताना दिसले. ती बुडालेली बेटे होती. 1981 मध्ये पीटर हालबाख यांच्या जर्मन पथकाने ‘झोन’ जहाजातून लाइन बेटांजवळच्या पर्वतांवरील कवचांचा पद्धतशीर शोध घेतला आणि त्यांतल्या कोबाल्टकडे जगाचे लक्ष गेले.

हे कवच समुद्राच्या पाण्यातूनच तयार होते. काही शे मीटर खोलीवर प्राणवायू कमी असलेला पट्टा असतो. तिथे मँगनीज पाण्यात विरघळलेले राहते. खोलातून प्राणवायूने समृद्ध थंड पाणी पर्वताला धडकून वर आले, की मँगनीजचे ऑक्साइड बनते. त्याचे अतिसूक्ष्म कण उघड्या खडकावर बसतात. या कणांवर ऋणभार असल्याने कोबाल्ट, निकेल यांचे धनभारित आयन त्यांना चिकटतात. कोबाल्टचे तर तिथेच ऑक्सिडीकरण होऊन ते पक्के अडकते. लोहाचे कण व्हॅनेडियमसारख्या धातूंना धरून ठेवतात. पुटावर पुट चढत 10 लाख वर्षांत 1 ते 6 मिलिमीटर जाडी वाढते. वीतभर कवच म्हणजे कोट्यवधी वर्षांची कमाई.

त्यासाठी खडक स्वच्छ राहावा लागतो. सपाट तळावर गाळ साचतो. पर्वताच्या उतारावरून प्रवाह तो झाडून नेतात. प्रवाह मंदावला आणि गाळ बसला, की वाढ थांबते. प्रवाह फार जोरात वाहिला, तर तो वाळूने पुटे घासून काढतो. उतार कोसळला, तर कवच खडकासकट खाली जाते. जुन्या थरांच्या छिद्रांत फॉस्फेट शिरते आणि त्यांची मूळ घडण बदलते. म्हणजे कवच घडवणारा प्रवाहच ते झिजवतोही. म्हणूनच हे कवच पाने गळालेल्या बखरीसारखे वाचावे लागते: शिल्लक जाडीवरून वय काढताना गेलेल्या थरांचाही विचार करावा लागतो.

जी पाने उरली, ती मात्र विलक्षण आहेत. पॅसिफिकमधल्या एका कवचात म्युनिकच्या शास्त्रज्ञांना लोह-60 सापडले. हे किरणोत्सारी लोह पृथ्वीवर आपोआप तयार होत नाही. 20 ते 30 लाख वर्षांपूर्वी जवळपास कुठेतरी तारा फुटला, त्याची राख समुद्रात पडली आणि कवचाने ती टिपली.

आपल्याकडे श्रीलंकेच्या दक्षिणेला अफनासी निकितिन पर्वत आहे. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरपर्यंत गेलेल्या रशियन व्यापाऱ्याचे हे नाव. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या कवचांचा अभ्यास केला आहे. भारताने 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे तिथल्या शोधकार्याची परवानगी मागितली; श्रीलंकेचाही त्या भागावर दावा आहे. बॅटरीसाठी कोबाल्ट हवे, हे खरेच. पण ही पुटे एकदा खरवडली की माणसाच्या हिशेबात ती परत येत नाहीत. म्हणून खाणीचा निर्णय घेण्याआधी निदान त्यांतला इतिहास वाचून घेणे हे आपले कर्तव्य आहे.