निळ्या कागदावरील समुद्र

इंग्लंडच्या केंट परगण्यात १७९९ साली ॲना ॲटकिन्स हिचा जन्म झाला. आईचे छत्र तान्हेपणीच हरपले. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे शास्त्रज्ञ. पुढे ते ब्रिटिश म्युझियममध्ये होते. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असण्याच्या त्या काळात या पित्याने लेकीला आपल्या अभ्यासात सहभागी करून घेतले. त्यांनी भाषांतरित केलेल्या शिंपल्यांवरील ग्रंथासाठी अडीचशेच्या आसपास चित्रे तिने काढली.

समुद्रशैवालापाशी मात्र तिचा हात थबकला. केसाहून बारीक त्या फांद्या अचूक रेखाटाव्यात कशा? १८४२ मध्ये कुटुंबाचे स्नेही सर जॉन हर्शल यांनी लोहाच्या क्षारांनी प्रतिमा उमटवण्याची युक्ती शोधली. क्षारांचे द्रावण लावून कागद अंधारात वाळवायचा, त्यावर शैवाल पसरून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचा. मग साध्या पाण्याने धुतला की ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, शैवालाखालचा पांढरा राहतो. कॅमेरा नाही, शाई नाही. १८४३ पासून दहा वर्षे ॲना हे काम करीत राहिली. छायाचित्रांनी सजलेला जगातील पहिला ग्रंथ तो हाच, असे मानले जाते. त्यावर तिने केवळ ‘ए. ए.’ ही आद्याक्षरे घातली. पुढे एका संग्राहकाने त्यांचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला! स्त्रीच्या विद्वत्तेला हौस म्हणण्याची खोड आपल्याकडेही नाही असे नाही.

शैवाल कागदावर दाबून जतन करण्याचा छंद त्या शतकात अनेकांना होता, अमेरिकेतही. त्याचे मोल आज कळते आहे. २०१४ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे पाणी असामान्य तापले. तारामासे रोगाने आधीच मेले होते. त्यांचे भक्ष्य असलेले काटेरी अर्चिन माजले आणि उत्तरेकडील केल्प या उंच शैवालाची नव्वद टक्क्यांहून अधिक वने गेली. परंतु पूर्वीचा समुद्र कसा होता, हे सांगणार कोण?

त्याच किनाऱ्यावरील मॉन्टेरे उपसागराची दाबलेली शैवाले संग्रहालयांत जपलेली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांतील नायट्रोजन तपासला गेला. खोलातले थंड, पोषक पाणी किती वर येत होते, याची खूण त्यात मिळाली. मासळीचा चारा याच पाण्यावर पोसतो. त्याची नोंद १९४६ पासूनचीच उपलब्ध होती. शैवालाच्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदांनी ती १८७८ पर्यंत मागे नेली.