थांबविण्याचा अधिकार

पुणें-दौंड मार्गावर यवत स्थानकांत गाडी उभी राहिली, कीं आमच्या मनांत एक विचार हटकून येतो. १८५८ सालीं पुण्यापलीकडे हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हांपासून येथून किती तऱ्हांचीं एंजिनें गेलीं असतील! परंतु तांबडी खूण दिसली, कीं थांबावयाचें, हें प्रत्येक चालकास ठाऊक असतें. दूरच्या संगणकास ‘थांब’ म्हणणें मात्र इतकें सोपें ठरलें नाहीं.

या हुकुमाचें मूळ तारायंत्रांत सांपडतें. अमेरिकन पद्धतीच्या तारेंत विद्युत्प्रवाह अखंड वाहत असे. ऐकणाऱ्यानें आपली कळ उघडून तो तोडला, कीं बोलणाऱ्यास मध्येंच थांबावें लागे. टेलिप्रिंटरवरील ‘ब्रेक’ ही कळ याच कुळांतली. पुढें एका संगणकावर अनेकांस दुरून काम करितां येऊं लागलें, तेव्हां प्रत्येक घराण्यानें आपापला संकेत ठरविला. डिजिटल कंपनीच्या यंत्रांवर कंट्रोल व सी, म्हणजे वर्णसंहितेंतील ३ क्रमांकाचें चिन्ह. जुन्या युनिक्समध्यें डिलीट. आयबीएमकडे अटेन्शनची कळ. एकाचा हुकूम दुसऱ्यास नुसतें एक अक्षर वाटे, आणि भरकटलेलें काम तसेंच धांवत राही.

मे १९८३ मध्यें पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनीं टेलनेटची नियमावली प्रसिद्ध केली. तींत कळा ज्याच्या त्याच्या राहूं दिल्या. अर्थ तेवढा सर्वांचा एक केला. २५५ या खुणेमागून २४४ हा अंक आला, कीं पलीकडच्या यंत्रानें चालू काम आपल्या रीतीनें थांबवावें. परंतु हुकूमच मजकुराच्या रांगेंत अडकला तर? म्हणून तातडीची सूचना पुढें धाडावी, व २४२ ही खूण येईपर्यंत मधला मजकूर टाकून द्यावा, असेंही ठरलें.

नियम झाला, तरी तो सर्वांनीं पाळला नाहीं. कित्येक प्रोग्राम नुसतें तिसरें चिन्ह धाडून पलीकडच्यावर विसंबून राहत. १९९५ सालीं विदेश संचार निगमानें मुंबईस इंटरनेट सर्वांस खुलें केलें. त्या अक्षरी खात्यांतून आणखी दूरच्या यंत्रावर गेलेल्या माणसाचा ‘थांब’ नेमका कोणी ऐकावयाचा, हा प्रश्न उरेच.

आम्हांस वाटतें, बोलणाऱ्याच्या शब्दाइतकाच ऐकणाऱ्याच्या ‘पुरे’ला मान असावा. तो मान आयत्या वेळीं मिळत नाहीं. आधीं सर्वांनीं मिळून ठरवावा लागतो, आणि वाट मोकळी ठेवावी लागते. यवतची गाडी तांबड्या खुणेपाशीं थांबते, ती याच करारामुळें.